तासाला अडीच सेंटीमीटर

बाबांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: स्वतःचा संडास. एकदा तो बांधला की त्याच्याभोवती घर आपोआप उभं राहील, असा त्यांचा समज होता.

हे ऐकून लोक हसतात. पण आम्ही सहा माणसं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो आणि संडास एकच होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरात कुठेही माणूस अडकला की आमच्याकडे फोन यायचा, आणि तो नेमका बाबा आत जाऊन बसले की यायचा. आई घरीच शिवणकाम करायची. मापं द्यायला आलेल्या बायका बाहेरच्या खोलीत उभ्या असायच्या आणि संडासाचं दार त्याच खोलीत उघडायचं. बाबांना रोज सकाळी चार-पाच अनोळखी बायकांसमोरून विजयी न दिसता बाहेर यावं लागे. छत्तीस वर्षांत त्यांना आत बसून एक वर्तमानपत्र सलग वाचता आलं नाही. मधली पानं वाचायची राहूनच गेली, असं ते अजून म्हणतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर उतारावर जमिनीचा एक तुकडा घेतला आणि वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला. मधोमध संडास, त्याला मोठी खिडकी, खिडकीसमोर टेकडी. स्वयंपाकघर एका कोपऱ्यात होतं, तेही पेन्सिलीने.

आईला तिथे जायचंच नव्हतं. "तिथे मी कोणाची मापं घेऊ? झाडांची?" ती म्हणायची. "आणि टेकडीला काय बघायचंय एवढं? ती कुठे पळून चाललीय?"

जमिनीला गिऱ्हाईकही तिनेच शोधलं होतं. सुट्टीच्या दिवसांत भाड्याने देण्यासाठी छोटी छोटी घरं बांधणारा एक माणूस होता. त्याला आम्ही कॉटेजवाला म्हणायचो. जमीन विकायची की तिथे राहायला जायचं, यावर वर्षभर घरात कुरबुर चालली होती. शेवटी दोघांनी तडजोड केली आणि नेहमीप्रमाणे त्यात मला ओढलं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं हे मोजल्याशिवाय त्या भागात सेप्टिक टाकीला परवानगी मिळत नाही. ही चाचणी मी करायची. जमीन पास झाली तर घर बांधायचं आणि दोघांनी राहायला जायचं. नापास झाली तर कॉटेजवाल्याला विकायची आणि बाबांनी पुन्हा टेकडीचं नाव काढायचं नाही.

"तू जे सांगशील ते," आई म्हणाली.

"तू जे मोजशील ते," बाबा म्हणाले.

आईवडिलांनी इतका विश्वास टाकला की तेव्हाच सावध व्हायला हवं. मी झाले नाही.

रविवारी सकाळी आम्ही जमिनीवर पोचलो तेव्हा गवंडी आधीच येऊन बसला होता. आसपासच्या सगळ्या टाक्या त्याने बांधल्या होत्या आणि सगळे त्याला इंजिनियर म्हणत. माझा खड्डा त्याने बराच वेळ न्याहाळला. खड्डा फूटभर रुंद होता आणि गुडघ्याच्या वर खोल. नियमाने तीन खड्डे हवेत, पण दोन ठिकाणी खडकाने पहार परत पाठवली होती. आदल्या संध्याकाळी मी तो पाण्याने भरून ठेवला होता, म्हणजे माती पोटभर पिऊन घेते आणि दुसऱ्या दिवशी खोटी तहान दाखवत नाही.

"ताई, एवढ्याशा खड्ड्यात काय बसणार?" इंजिनियर म्हणाला.

"काही बसवायचं नाही. फक्त मोजायचंय."

"मोजायचं कशाला? टाकी बांधायची, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. चालेनाशी झाली तर एक मेलेलं मांजर टाकायचं आत. मग जी चालते ती! माझ्या सासऱ्यांकडे बारा वर्षं चालू आहे."

"बारा वर्षांत एकच मांजर?" आईने विचारलं.

"तीन," इंजिनियर म्हणाला.

बाबांचा टाकीबद्दलचा समजही फारसा वेगळा नव्हता. टाकी सगळं खाऊन टाकते, असं त्यांना वाटायचं. मी त्यांना तीनदा समजावलं होतं. टाकीत जड ते खाली बसतं, तेलकट ते वर तरंगतं आणि मधलं गढूळ पाणी पुढच्या पाइपने बाहेर पडतं. खाली बसलेल्यातलं थोडंफार जिवाणू खातात, उरलेला गाळ काही वर्षांनी उपसावाच लागतो. आणि बाहेर पडलेलं पाणी स्वच्छ नसतं. ते शोषखड्ड्यातून मातीत हळूहळू मुरतं, तेव्हा माती ते गाळते. टाकी अर्धंच काम करते, उरलेलं माती करते. मातीने पाणी घेतलंच नाही, तर ते आलं त्या वाटेने परत येतं.

"परत म्हणजे कुठे?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

"तुम्ही बसला असाल तिथे."

यानंतर ते चाचणीकडे जरा गांभीर्याने बघू लागले होते.

मी खड्ड्यावर आडवी पट्टी ठेवली, तिला मोजपट्टी टांगली, आणि शेजाऱ्याच्या विहिरीतून आणलेलं पाणी एका खिळ्याच्या खुणेपर्यंत भरलं. दर अर्ध्या तासाला नोंद घ्यायची आणि पाणी पुन्हा खुणेपर्यंत आणायचं. तासाला निदान अडीच सेंटीमीटर उतरलं तर पास.

"आणि फार भराभर उतरलं तर?" बाबांनी विचारलं.

"तेही वाईट. मग माती गाळत नाही, नुसती पुढे ढकलते. थेट शेजाऱ्याच्या विहिरीत."

बाबांनी मान डोलावली. पण त्यांनी 'उतरलं तर पास' एवढंच ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या अर्ध्या तासात मी आणि इंजिनियर आणखी पाणी आणायला विहिरीवर गेलो. परत आलो तर पाणी साडेसात सेंटीमीटर उतरलं होतं. ती माती मी आदल्या दिवशी बोटांत मळून पाहिली होती. तिची लांबलचक वळी वळता येत होती. अशा चिकणमातीत तासाला पंधरा सेंटीमीटर पाणी उतरत नाही. वाळूत उतरतं.

"बघा!" इंजिनियर म्हणाला. "तहानलेली जमीन आहे, काका."

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले. त्यांच्या पँटचा खालचा काठ ओला होता. आई दगडावर बसून धोंड्यासारखी गप्प होती. कुंपणाजवळ बाबांनी गेल्या महिन्यात लावलेलं लिंबाचं रोप तेवढं टवटवीत दिसत होतं.

मी आकडा वहीत लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि खड्डा पुन्हा खुणेपर्यंत भरला. दुसऱ्या अर्ध्या तासात मी इंजिनियरला बरोबर घेऊन खड्ड्यापासून विहिरीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. त्याने टेपचं टोक धरलं आणि शेजाऱ्याच्या सुनेबद्दल बरीच माहिती दिली. अंतर पुरेसं होतं. विहिरीत डोकावून पाहिलं तर पाणी तीन पुरुष खाली होतं.

परत आलो तेव्हा खड्ड्यातलं पाणी खुणेच्या दोन सेंटीमीटर वर चढलं होतं.

मी मोजपट्टी पुसली आणि पुन्हा पाहिलं. दोन, जरा जास्तच.

"झरा!" इंजिनियर ओरडला. "ताई, झरा लागला! काका, नशीब काढलंत! इथे विहीर पाडा!"

बाबांचा चेहरा पडला. झऱ्यात संडासाचं पाणी सोडता येत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. आश्चर्य म्हणजे आईचाही पडला. झरा लागलेली जमीन बाबा कोणाला विकू देणार नाहीत, हे तिला माहीत होतं.

तीन पुरुष खोल असलेलं पाणी गुडघ्याएवढ्या खड्ड्यात वर यायचं काही कारण नव्हतं. मी सवयीने पिशवीतली तपासणीची पेटी काढली, नळीत खड्ड्यातलं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं. मग विहिरीच्या बादलीतलं घेऊन तेच केलं. ते तसंच राहिलं.

"पिवळं म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"क्लोरिन. विहिरीत क्लोरिन नाही. झऱ्यात तर नसतोच. असतो आपल्या घरच्या नळाला."

सगळे आईच्या पिशवीकडे बघायला लागले. पिशवीतून तिची दोन लिटरची निळी बाटली डोकं काढून उभी होती. सकाळी गाडीत ती माझ्या मांडीवर होती, काठोकाठ भरलेली. आता तिच्यातून पलीकडचं कुंपण दिसत होतं.

"प्यायले असेन मी," आई म्हणाली.

"दोन लिटर? अर्ध्या तासात?"

"बरं, ओतलं!" आई दगडावरून उठली. "ओतलं मी. तू आधी यांना विचार, पहिल्या अर्ध्या तासात खड्ड्यापाशी ओणवे होऊन काय करत होते ते. दहा मग पाणी काढलं यांनी. मी मोजले. दहा! आणि सगळं त्या लिंबाला घातलं. लिंबू बुडायचं बाकी होतं."

"अगं, ते रोप वाळत होतं," बाबा म्हणाले.

"एक महिना वाळलं नाही, नेमकं आजच वाळायला लागलं?"

"मग तू मला अडवायचंस. पाणी कशाला ओतायचं?"

"मी काही लबाडी केली नाही. तुम्ही काढलंत तेवढं परत घातलं. भरपाई केली."

"दहा मगांची भरपाई दोन लिटरने होते?"

"बाटलीत तेवढंच होतं!"

इंजिनियर खाली बसून हसत होता. छत्तीस वर्षं लिफ्टच्या तारा हाताळलेला माणूस आणि आयुष्यभर सुतासुताने मापं घेतलेली बाई, या दोघांनी मिळून एका खड्ड्याला फसवायचा प्रयत्न केला होता, तोही स्वतःच्या मुलीसमोर. मी वहीतले दोन्ही आकडे खोडले, शेजाऱ्याकडून दोन खुर्च्या आणून खड्ड्यापासून दहा पावलांवर मांडल्या आणि दोघांना बसवलं.

"आता कोणी उठायचं नाही," मी म्हटलं.

"मला उठावंच लागेल थोड्या वेळाने," बाबा म्हणाले.

"झुडपामागे जा. खड्ड्याच्या उलट बाजूच्या."

पुढचे दोन तास आम्ही चौघं एका खड्ड्याकडे बघत बसलो. अर्ध्या तासाने मी वाकायचे, मोजपट्टी बघायचे, आकडा मोठ्याने वाचायचे. अर्धा सेंटीमीटर. पुन्हा अर्धा. तिसऱ्या वेळी अर्ध्याला किंचित कमी. प्रत्येक आकड्यानिशी बाबा खुर्चीत थोडे आणखी मागे सरकत होते. चौथ्या वेळी मी आकडा वाचलाच नाही, नुसता लिहिला.

"तासाला एक," मी म्हटलं. "नापास. इथे शोषखड्डा चालणार नाही. दोन-तीन वर्षांत पाणी अंगणात येईल."

 नकाशाचं वहीतलं पान बाबांनी खिशातून काढलं, एकदा पाहिलं आणि चारच्या जागी आठ घड्या घालून परत ठेवलं. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. जिंकल्यावर तिला समोरच्या माणसाचं तोंड बघवत नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉटेजवाला होता. आईने बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं केलं.

"काय मावशी, झाली का चाचणी? काय आलं?"

"नापास," आई म्हणाली. आवाजात थोडा विजय होताच. "तेव्हा जमीन तुमची. कागद कधी करायचे?"



"मावशी, मी तिथे बारा घरं बांधणार. बारा घरांचे बारा संडास. पाणी मुरत नसेल तर मी ते काय खिशात घालून नेऊ? पास झाली असती तर आजच आलो असतो. राहू दे आता."

आईने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू जमीन नापास करायला पाणी ओतणार आहेस, हे तू मला सांगितलंस का?"

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. "म्हणजे," ते म्हणाले, "मी पाणी काढलं ते जमीन विकण्यासाठी."

"आणि तिने ओतलं ते जमीन तुमच्याकडेच राहावी म्हणून," मी म्हटलं.

"संसारात पहिल्यांदा एकमेकांच्या मनासारखं केलंत, काका," इंजिनियर म्हणाला. आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो घमेलं शोधायला निघून गेला.

जमीन विकलीही जात नव्हती आणि तिथे टाकीही होत नव्हती. बाबा उठले, खड्ड्यापाशी गेले आणि त्यातल्या न मुरणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले. "झाडं लावू," ते म्हणाले. "अधूनमधून पाणी घालायला येत जाईन. संध्याकाळी परत."

  आईने रिकामी बाटली उघडली, तोंडाला लावली, काही येत नाही हे पाहून बंद केली.

"सकाळपासून तू एक घोटही प्यायली नव्हतीस ना?" मी विचारलं. "म्हणून बाटली भरलेली राहिली?"

"कशी पिणार?" ती एकदम भडकली. "इथे जायचं कुठे? यांना काय, झुडूप दिसलं की झालं. सकाळी सातपासून अशी आवळून बसले आहे मी! वर्षभर नकाशे काढतोय हा माणूस. टेकडी काढली, खिडकी काढली. इथे आलेल्या बाईमाणसाने काय करायचं, ते कुठे काढलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू एवढी शिकलीस. टाकीवाचून दुसरं काहीच नाही का जगात?"

होतं. मी सकाळपासून सांगायची वाट बघत होते, पण पास की नापास हे जिथे प्रत्येकाने आधीच ठरवलेलं असतं, तिथे तिसरं काही कोणी विचारत नाही.

वाळूचा उंचवटा करून त्यात पाणी मुरवता येतं, पण त्याला पंप लागतो, आणि इथे वीज दिवसाचे काही तासच. नुसती बंद टाकी बांधून उपसायला गाडी बोलवता येते, पण वाटेतल्या छोट्या पुलावरून ती गाडी येणार नाही. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना देता येईल. संडासाचं पाणी तसं देता येणार नाही. उरला एकच उपाय: संडासात पाणीच घालायचं नाही.

"म्हणजे?" बाबा वळले.

"जमिनीच्या वर दोन कोठ्या. वर बसायची जागा. प्रत्येक वेळी डबाभर लाकडाचा भुसा टाकायचा. लघवी वेगळ्या नळीने बाहेर काढायची, म्हणजे वास येत नाही. एक कोठी भरली की बंद करायची आणि दुसरी वापरायची. वर्षभर झाकून ठेवलं की आत खत होतं."

"पाण्याशिवाय?" बाबांचा आवाज चढला. "वर भुसा? मी काय मांजर आहे?"

"मांजर फार स्वच्छ असतं," आई म्हणाली. "तुमच्याबद्दल तसं कोणी म्हणत नाही."

"साखळी नाही? पाण्याचा आवाज नाही? काम झालं हे कळणार कसं?"

"तुम्हाला बसून वाचायचंय की आवाज ऐकायचाय?" मी विचारलं.

यावर बाबांनी विचार केला. खरोखर केला, कारण ते खड्ड्याला एक फेरी मारून आले. "कोठ्या जमिनीच्या वर म्हणजे किती वर?"

"तीन-चार पायऱ्या."

"मग खिडकीही वर जाईल."

"जाईल."

"टेकडी जास्त दिसेल," ते म्हणाले, आणि खिशातलं पान काढून आठ घड्या उलगडायला लागले.

इंजिनियर घमेलं न घेताच परत आला होता. असलं काही त्याने जन्मात बांधलं नव्हतं. शंका काढायचा अधिकार तरी शाबूत राहावा म्हणून त्याने विचारलं, "एवढा भुसा आणणार कुठून?"

"गावातला सुतार रोज जाळतो," आई म्हणाली. "येताना बघितलं नाही का? बोलते मी त्याच्याशी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी ती पिशवीतून मोजायची फीत काढून खुर्चीच्या पाठीवर उगाच ताणू लागली. मी वही उघडली. कोठीचं माप माणसांवर ठरतं. भुशासकट माणशी वर्षाला किती जागा लागते तो आकडा धरायचा, माणसांनी गुणायचं, वर थोडी हवा सोडायची. कमी धरलं तर कोठी वर्षाच्या आधी भरते आणि दुसरीतलं खत कच्चं राहतं. जास्त धरलं तर उगाच पायऱ्या वाढतात.

"किती माणसं धरू?" मी विचारलं.

बाबांनी मान वर केली नाही. पानावरच्या घड्यांवरून अंगठा फिरवत राहिले, आणि अंगठा पुन्हा पुन्हा एकाच घडीवरून जात होता.  मी पेन्सिल टेकवून थांबले.

आईने फीत बोटावर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"दीड धर," ती म्हणाली.

"दीड माणूस म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"महिन्यातले पंधरा दिवस. उरलेले पंधरा माझी गिऱ्हाइकं आहेत. आणि दार आतून नीट लागलं पाहिजे."

मी दीडने गुणलं.

"ताई," इंजिनियर माझ्या वहीत डोकावून म्हणाला, "अर्ध्या माणसासाठी पायरी किती वाढते?"

"एक," मी म्हटलं. बाबांनी पेन्सिल मागून घेतली आणि एक पायरी काढली.